दोन मोटरी, चार मोटरी

केटिलच्या ट्रकला चार मोटरी,
दर चाकाला आपली आपली,
भावांनी वाटणी करून घ्यावी तशा.
माझ्या ट्रकला दोनच, पुढे एक, मागे एक,
आणि एक बटण.
दाबलं की खालून खट्‌ आवाज येतो,
डावं-उजवं चाक एकाच दांड्यावर जखडतं,
मग एकाला फिरायचं तर दुसऱ्यालाही फिरावंच लागतं.

केटिल म्हणतो, जुनाट आहे तुझं.
मी म्हणते, एक ना धड, भाराभर चिंध्या.
सप्टेंबरात डोंगरावरच्या मेंढ्या उतरवायला निघतो आम्ही,
आणि हे घोंगडं भिजत पडतं ते पडतंच.
आइसलंडात तसंही काही लवकर वाळत नाही.

यंदा मागच्या सीटवर बाबा.
थोरगिल्स, वय एक्क्याऐंशी, मांडीवर थर्मास.
त्यांच्या मते खरा ट्रक एकच होता,
तो डिझेलचा होता,
आणि तो मी विकायला नको होता.

काळी वाळू संपते तिथे लाव्हाची पायरी.
तिरकंच चढावं लागतं:
पुढचं डावं हवेत, मागचं उजवं हवेत.
केटिलचा ट्रक विचारात पडला.
अधांतरी चाकांच्या मोटरी आपली ताकद घेऊन नुसत्या बसून,
शेजारणीला उसनी देता येईना.
जमिनीवरच्या दोघींनी सगळा भार ओढला
आणि पडद्यावर नारिंगी दिवा लागला.
त्या निवेपर्यंत वीस मिनिटं आम्ही मॉस बघत बसलो.
मग मी बटण दाबलं. खट्‌. चढले.
बोलले काहीच नाही.
आरशात मात्र पाहिलं.

तासाभरात माझीही जिरली.
उत्तरेच्या उतारावर रात्रीचं गोठलेलं गवत,
ट्रक एका अंगावर कललेला,
आणि बटण सोडायचं राहून गेलेलं.
जखडलेली चाकं सुटली ती जोडीनेच.
ताट कलतं केल्यावर मासा सरकतो
तसा ट्रकचा मागचा भाग खाली निघाला,
सावकाश,
एका दगडाला टेकेपर्यंत.
केटिल त्याच वाटेने आला.
चारही चाकांच्या कानात वेगवेगळं काही सांगत,
इथे जरा, तिथे कमी, एकाला तर चक्क उलटं,
सरळ निघून गेला.
पुढे थांबला. काच खाली केली.
म्हणाला, ‘कॉफी उरली आहे का?’

तोवर बाबा खाली उतरलेले,
वाल्वमध्ये काडी खुपसून
माझ्या टायरांतली हवा सोडत होते.
‘मोटरींचं मागून बघा.
आधी तिला पाय पसरू द्या.’

नदीशी पोचलो तेव्हा तीन वाजले होते.
हिमनदीतून सुटलेलं पाणी, दुधाळ, राखी,
तळाचा पत्ता लागू न देणारं.
पलीकडे सात मेंढ्या, कानाला आमची खाच.
आणि पुन्हा तेच.
आधी मी, केटिल म्हणाला.
नाही, आधी मी,
धारेत तुझं एक चाक उचललं गेलं तर?
टॉर्क, वजन, तळाची बॅटरी, मोटरींची झाकणं...

बाबांनी हात वर केला.

दोन्ही ट्रक सुरू होते
आणि काहीच वाजत नव्हतं.

मग आलं ऐकू.
पाण्याखालून, खोलातून,
शेजारच्या खोलीत कुणी जड पेटी ओढावी तसं.

‘गोटे,’ बाबा म्हणाले. ‘गोटे चाललेत तळाशी.
पन्नास वर्षं येतोय या काठाला.
इंजिनाच्या आवाजात कधी ऐकलंच नाही हे.’
थर्मासचं झाकण त्यांनी घट्ट केलं, पुन्हा घट्ट केलं.
‘हाफ्लिदी गेला त्या वर्षीसुद्धा नाही.’

दोन किलोमीटर वर गेलो,
जिथे नदी पसरते, तिचे फाटे होतात,
आणि ती उथळ, बडबडी होते.
तिथे आधी कोण उतरलं याला काही अर्थ नाही.
(मी.)

संध्याकाळी, मेंढ्या कुंपणात गेल्यावर,
बाबांनी बॉनेटवर तळवा ठेवला.
डिझेलवाल्याशी हात शेकायचे, तीच जागा.
गार.
‘चालू आहे का ही?’
आहे, म्हटलं.
हात काढला नाही त्यांनी.